टेक्निकल डॉक्ससाठी मार्कअप भाषा निवडताय? आधी हा क्रम बघा

मार्कअप भाषा म्हणजे साध्या मजकुरातच चिन्हं टाकून हेडिंग, लिस्ट, टेबल सांगायची पद्धत; मार्कडाउन आणि आस्कीडॉक त्यातल्याच दोन. "डॉक्स मार्कडाउनमध्ये लिहू की आस्कीडॉकमध्ये" असं कुणी विचारलं की उत्तरं धडाधड येतात, आणि जवळपास प्रत्येक जण स्वतः जे वापरतो तेच सांगतो. विचारणाऱ्याला पीडीएफ लागणार आहे का, मजकूर मराठीत आहे का, लिहिणारे किती जण आहेत, हे कुणी विचारतच नाही. मग टीम काय करते, आधी एखादी छान दिसणारी थीम आवडते, ती ज्या टूलची आहे ते टूल येतं, टूल जी भाषा मागेल ती भाषा येते, आणि शंभरेक पानं लिहून झाल्यावर क्लायंट म्हणतो की आम्हाला छापील मॅन्युअल पाहिजे. तिथून पुढे सगळी ठिगळं.

खाली क्रम उलटा केलाय. थीम सगळ्यात शेवटी.

उदाहरण एकच धरून चालू म्हणजे गोंधळ नको. समजा तुमची कंपनी बाजार समित्यांसाठी वजनकाटा आणि हिशोबपट्टीचं सॉफ्टवेअर बनवते. डॉक्स तीन प्रकारचे लागतात: काट्यावर बसणाऱ्या माणसासाठी मराठी मॅन्युअल, जागेवर जाऊन इन्स्टॉल करणाऱ्या इंजिनिअरसाठी गाइड (विंडोज आणि लिनक्स, दोन्ही), आणि बाहेरच्या डेव्हलपरसाठी इंग्रजीत एपीआयची (दुसऱ्या सॉफ्टवेअरने आपल्या सॉफ्टवेअरशी बोलायच्या सोयीची) माहिती.

## पायरी १: आउटपुट आधी लिहून काढा

भाषेचं नाव मनात आणायच्या आधी एक कागद घ्या आणि प्रत्येक डॉक्युमेंटपुढे लिहा: कोण वाचणार, कुठे वाचणार (वेबवर, छापून, की सॉफ्टवेअरच्या आतल्या हेल्पमध्ये), कोणत्या भाषांत, आणि एका वेळी किती व्हर्जन जिवंत ठेवायची.

शेवटचा मुद्दा लोक हमखास विसरतात. एका समितीत जुनं व्हर्जन चालू आहे, दुसरीकडे नवीन, आणि दोघांनाही बरोबर मॅन्युअल पाहिजे. म्हणजे जुनी पानं पुसून चालणार नाही, ती वेगळ्या पत्त्यावर राहिली पाहिजेत. हे मार्कअप भाषेचं काम नाही, बिल्ड टूलचं (लिहिलेल्या फाइलींपासून साइट किंवा पीडीएफ बनवणाऱ्या प्रोग्रॅमचं) आहे, पण कुठल्या भाषेसोबत कुठलं टूल येतं ते ठरलेलंच असतं, त्यामुळे ही गरज आत्ताच माहीत पाहिजे.

मग अजून एक रकाना करा: एकच मजकूर किती ठिकाणी जसाच्या तसा येतो? "काट्याला हात लावण्याआधी वीज बंद करा" ही सूचना बारा पानांवर येणार असेल तर ती बारा वेळा कॉपी करायची की एकदा लिहून सगळीकडे ओढायची, यावर अर्धा निर्णय होतो.

तपासा: पीडीएफच्या रकान्यात "कदाचित" लिहिलं असेल तर ते "हो" समजा. नंतर जोडणं महाग पडतं.

## पायरी २: सगळ्यात अवघड तीन पानं बाजूला काढा

ही पायरी वगळली तर पुढचं सगळं अंदाजपंचे आहे. सोपं पान, म्हणजे दोन हेडिंग, चार परिच्छेद, एक कोड ब्लॉक, कुठल्याही भाषेत छानच दिसतं. म्हणून "इन्स्टॉलेशन" नावाचं गुळगुळीत पान लिहून भाषा पास करणं म्हणजे गाडी पार्किंगमध्येच फिरवून विकत घेण्यासारखं आहे.

अशी तीन पानं शोधा:

1. ज्यात टेबल गुंतागुंतीचं आहे. आपल्या उदाहरणात शेतमाल, हमाली, तोलाई, आडत असं टेबल, काही सेल मर्ज केलेले, आणि एखाद्या सेलमध्ये बुलेट लिस्ट.
2. ज्यात पायऱ्यांच्या आत पायऱ्या आहेत, आणि तिसऱ्या पायरीच्या आत स्क्रीनशॉट, मग कमांड, मग इशारा, आणि त्यानंतर चौथी पायरी. आकडा चारच आला पाहिजे, परत एक नाही.
3. जे पान दोन प्रॉडक्टना किंवा दोन सिस्टिमना नव्वद टक्के सारखं आहे आणि फक्त चार ओळी वेगळ्या आहेत.

ही पानं आत्ता वर्डमध्ये असली तरी चालतील. कुठल्या भाषेत किती कष्टाने येतात ते आपल्याला मोजायचंय.

थांबा: अवघड पान एकच असेल आणि तेही एका टेबलामुळे, तर भाषा बदलू नका, टेबल मोडा. मर्ज केलेल्या सेलचं भलंमोठं टेबल मोबाइलवर वाचणाऱ्याला तसंही दिसत नाही, त्याची दोन साधी टेबलं केलीत तर वाचणाराच आभार मानेल.

## पायरी ३: शॉर्टलिस्ट करा, दोनच नावं ठेवा

मार्कडाउन. शिकायला अर्धा तास, सगळीकडे चालतं, डेव्हलपर तक्रार करत नाहीत. पण "आम्ही मार्कडाउन वापरतो" एवढं म्हणणं अपुरं आहे, कारण मार्कडाउन एक नाही. मूळ मार्कडाउनमध्ये टेबल नव्हतंच, कॉमनमार्कमध्येही (मार्कडाउनचे नियम पक्के करणाऱ्या स्टँडर्डमध्येही) नाही, ते गिटहबच्या (कोड ठेवायच्या आणि रिव्ह्यू करायच्या साइटच्या) आणि इतरांच्या वाढीव अवतारांत आलं, आणि तिथेही सेल मर्ज करता येत नाहीत. इशाऱ्याची चौकट बघा (एमकेडॉक्स, डॉक्युसॉरस आणि पुढे येणारं ह्युगो ही मार्कडाउनवरून साइट बनवणारी टूल): एमकेडॉक्समध्ये तीन उद्गारचिन्हांनी सुरू होते, डॉक्युसॉरसमध्ये तीन कोलननी, गिटहबवर अवतरणाच्या ओळीत चौकोनी कंसात. तीन टूल, तीन पद्धती, आणि एकाची फाइल दुसऱ्यात टाकली की चौकटीऐवजी नुसती चिन्हं दिसतात.

लिस्टचंही तेच. एमकेडॉक्स ज्या पायथन-मार्कडाउनवर चालतं त्याला आतल्या लिस्टसाठी चार स्पेस लागतात, कॉमनमार्कवाल्या टूलला दोन-तीन पुरतात. म्हणून गिटहबवर नीट दिसलेली लिस्ट साइटवर सपाट होते आणि लोक थीमला शिव्या देतात.

डॉक्युसॉरस घेणार असाल तर अजून एक. तिथे साधी मार्कडाउन फाइलसुद्धा डिफॉल्टने एमडीएक्स (मार्कडाउनमध्ये कोडचे टॅग मिसळायचा प्रकार) म्हणून वाचली जाते, म्हणजे मजकुरात "वजन <५ किलो" असं सहज लिहिलंत तर बिल्ड फुटतो, कारण त्याला तिथे टॅग सुरू झालाय असं वाटतं. महिरपी कंसाचंही तसंच. आणि ह्युगोवर "मर्ज सेलसाठी सरळ एचटीएमएल टाकू" असा विचार असेल तर डिफॉल्ट सेटिंगमध्ये ते एचटीएमएल गाळलं जातं, पानावर टेबलाच्या जागी काहीच नसतं.

आरएसटी, म्हणजे रीस्ट्रक्चर्डटेक्स्ट. हे स्फिंक्ससोबतच (त्यावरून साइट आणि पीडीएफ बनवणाऱ्या टूलसोबत) घ्यायचं, एकटं नाही. पायथनचे अधिकृत डॉक्स आणि लिनक्स कर्नलचे डॉक्स यातच आहेत. क्रॉस रेफरन्स हा याचा खरा जोर: लेबलला लिंक करता, फाइलच्या नावाला नाही, त्यामुळे फाइल हलवली तरी लिंक तुटत नाही, आणि लेबल सापडलं नाही तर बिल्ड ओरडतो. भाषांतराचा मजकूर पीओ फाइलमध्ये काढायची सोय आतच आहे. त्रास म्हणजे स्पेस आणि इंडेंटच्या बाबतीत भयंकर काटेकोर, नवीन माणूस पहिल्या आठवड्यात वैतागतो. त्यावर मधला मार्ग मिस्ट: लिहायचं मार्कडाउनसारखं, ताकद स्फिंक्सची. आपल्याकडच्या बऱ्याच टीम्सना हा पर्याय माहीतच नसतो.

आस्कीडॉक. मॅन्युअलसाठी मला सगळ्यात आवडतं ते हेच. मर्ज सेल, सेलच्या आत लिस्ट, दुसऱ्या फाइलमधला ठराविक तुकडा ओढणं, "लिनक्स असेल तरच ही ओळ दाखव" अशी अट, कोडच्या ओळींना नंबर देऊन खाली समजावणं, सगळं भाषेतच आहे, प्लगइन शोधत बसावं लागत नाही. बरेच रेपो (प्रोजेक्टच्या फाइलींचे साठे) आणि बरीच व्हर्जन एका साइटवर आणायची तर सोबत अँटोरा हे टूल. खोट अशी की गिटहबवर फाइल उघडली तर ओढून आणलेला तुकडा दिसत नाही, नुसती लिंक दिसते, त्यामुळे रिव्ह्यू करणाऱ्याला वेगळा प्रिव्ह्यू द्यावा लागतो.

डिटा. एक्सएमएल आहे, म्हणजे सगळा मजकूर टॅगमध्ये, आणि शिस्त कडक: संकल्पना वेगळी, कृती वेगळी, संदर्भ वेगळा. प्रॉडक्ट भरपूर, भाषा भरपूर, भाषांतर बाहेरच्या एजन्सीकडे, एकेक वाक्य पुन्हा वापरायचंय, असं असेल तर याला तोड नाही. पण हे पूर्णवेळ टेक्निकल रायटर असलेल्या टीमचं काम आहे, चांगला एक्सएमएल एडिटर लागतो. चाळीस पानांसाठी आणि दोन डेव्हलपरसाठी डिटा आणू नका.

लेटेकबद्दल विचारणारे असतात म्हणून: गणित खूप आणि फक्त पीडीएफ असेल तर ठीक, वेब पाहिजे असेल तर सोडा.

तपासा: यादीत दोनपेक्षा जास्त नावं उरली असतील तर पहिल्या पायरीचा कागद नीट भरलेला नाही.

## पायरी ४: मराठी मजकूर टाकून बघा

इंग्रजी लेखांत हे सापडणार नाही, आणि मराठी मॅन्युअल करणारे सगळे इथेच आपटतात.

प्रत्यय. आपण शब्दाला प्रत्यय चिकटवून लिहितो: काट्यावर, सेव्हवर, गिटमध्ये. आता "सेव्ह" ठळक करायचंय आणि "वर" साधं ठेवायचंय. आरएसटीत `**सेव्ह**वर` चालतच नाही, शेवटच्या ताऱ्यांनंतर स्पेस किंवा विरामचिन्ह लागतं, नाहीतर वॉर्निंग येते. मध्ये बॅकस्लॅश आणि स्पेस टाकायची, म्हणजे `**सेव्ह**\ वर`, ती स्पेस छापली जात नाही. डॉक्युटिल्समध्ये (स्फिंक्सच्या आत आरएसटी वाचणाऱ्या प्रोग्रॅममध्ये) अक्षरागणिक मार्कअप चालू करायची सेटिंगही आहे, पण ती सगळ्या प्रोजेक्टला लागू होते, आधी इंग्रजी पानांवर काय होतंय ते बघा. आस्कीडॉकमध्ये एक तारा दोन्हीकडे दिला तर तारे तसेच छापले जातात, शब्दाला चिकटून काही येणार असेल तर दोन-दोन तारे द्यायचे. कोडच्या बॅकटिकलाही (उलट्या अवतरणचिन्हालाही) तोच नियम.

मार्कडाउनमध्ये `**सेव्ह**वर` बरोबर चालतं. पण `**"सेव्ह"**वर` असं लिहिलंत तर कॉमनमार्क पाळणाऱ्या टूलमध्ये बिघडतं, कारण ताऱ्यांच्या आत विरामचिन्ह आणि बाहेर लगेच अक्षर. अवतरणचिन्हं ताऱ्यांच्या बाहेर काढा, `"**सेव्ह**"वर`, की झालं. आणि अंडरस्कोअरने तिरकं करत असाल तर प्रत्यय जोडल्यावर ते चालत नाही, तारा वापरा. तसंही देवनागरी फाँटांना खरं इटॅलिक बहुतेक नसतंच, ब्राउझर अक्षर नुसतं तिरकं ढकलतो, तेव्हा मराठीत ठळकच बरं.

आकडे. ओळीच्या सुरुवातीला "१." टाइप केलं तर ती नंबर लिस्ट होईलच असं नाही. कॉमनमार्क पाळणाऱ्या टूलला फक्त इंग्रजी आकडे कळतात, मग तुमच्या सात पायऱ्या एका परिच्छेदात सलग चिकटून येतात. टाइप इंग्रजी आकड्यांनीच करा, आणि पानावर देवनागरी आकडे हवे असतील तर सीएसएसमध्ये (पानाची सजावट ठरवणाऱ्या फाइलमध्ये) लिस्टचा प्रकार देवनागरी करा.

अँकर. हेडिंगवरून आपोआप लिंक बनते ना, ती मराठी हेडिंगला काय बनते ते उघडून बघा. स्फिंक्समध्ये मराठी हेडिंगचं आयडी१, आयडी२ असं काहीतरी होतं, एमकेडॉक्समध्ये डिफॉल्टने अंडरस्कोअर आणि आकडा. वरवर चालतं सगळं. मग कुणी मध्ये एक हेडिंग घालतं, आकडे सरकतात, आणि जुनी लिंक तुटत नाही तर भलत्याच भागावर जाते, म्हणजे लिंक चेकरलाही कळत नाही. उपाय एकच, प्रत्येक हेडिंगला इंग्रजी अक्षरांतला आयडी हाताने द्यायचा. निवडलेल्या भाषेत तो देता येतो का आणि किती सोपा आहे, हे इथे तपासायचं.

आरएसटीच्या रेषा. हेडिंगखालची रेषा हेडिंगपेक्षा आखूड असली की वॉर्निंग येते. देवनागरीत काना, मात्रा, वेलांटी हे वेगळं अक्षर म्हणून मोजलं जातं, त्यामुळे स्क्रीनवर रेषा पुरेशी दिसते आणि टूल म्हणतं आखूड आहे. सरळ लांबलचक रेषा ओढा, जास्त झालेली चालते. चिन्हांनी काढलेलं चौकटीचं टेबल मात्र मराठीत करूच नका, ते कधीच जुळत नाही, लिस्ट-टेबल वापरा.

पीडीएफ. "दुसऱ्या विद्यार्थ्याची निर्मिती" ही ओळ पानात टाका आणि पीडीएफ काढा. ऱ्या, द्या, र्थ्या आणि रफाराच्या आधीची वेलांटी, चारही गोष्टी बरोबर आल्या तर पास. स्फिंक्सचं पीडीएफ बनवायचं डिफॉल्ट इंजिन पीडीएफलेटेक आहे, ते बदलून झीलेटेक करा आणि नोटो सॅन्स देवनागरी किंवा मुक्तासारखा फाँट नाव देऊन लावा. आस्कीडॉक्टरचं (आस्कीडॉक फाइलींवरून पानं बनवणाऱ्या टूलचं) स्वतःचं पीडीएफ टूल प्रॉन नावाच्या लायब्ररीवर चालतं, तिथे जोडाक्षरं जुळत नाहीत, वेलांटी भलतीकडे जाते. फाँट बदलून हे सुटत नाही. तिथे एचटीएमएल काढून क्रोमने किंवा वीझीप्रिंटने पीडीएफ करायची.

शोध. साइटच्या सर्चमध्ये "काटा" टाकून "काट्यावर" असलेलं पान येतं का बघा. बहुधा येणार नाही. मग प्रत्येक पानावर मूळ शब्द एकदा तरी यावा असा नियम करा.

## पायरी ५: लिहिणारे कोण ते पाहा, पण शेवटी

लोक ही पायरी पहिली करतात, "आमच्याकडे सगळ्यांना मार्कडाउन येतं" इथूनच सुरुवात. भाषा दोन दिवसांत शिकता येते, नसलेली सोय दोन दिवसांत बनवता येत नाही. तरी माणसं महत्त्वाची आहेतच. फील्ड इंजिनिअर वर्डमध्येच लिहून पाठवणार असेल तर त्याला गिट शिकवत बसू नका, एक जण कन्व्हर्ट करणारा ठरवा. बाकीच्यांना एडिटरमध्ये प्रिव्ह्यू मिळतोय ना, हे आधी बघा.

आणि एक सवय पहिल्या दिवसापासून: एका ओळीत एकच वाक्य. या सगळ्या हलक्या भाषांत परिच्छेद मोकळ्या ओळीने तुटतो, साध्या एंटरने नाही, त्यामुळे छापील पानात फरक पडत नाही, पण रिव्ह्यूत नेमकं कुठलं वाक्य बदललं ते दिसतं. (गिटहबच्या कमेंटमध्ये एंटरने ओळ तुटते, तो अपवाद, फाइलमध्ये नाही.)

## पायरी ६: तीन पानांचा ट्रायल, पूर्ण साखळीसकट

उरलेल्या दोन भाषांत पायरी २ ची तीनही पानं खरोखर लिहा. एका डेव्हलपरने आणि एका डेव्हलपर नसलेल्या माणसाने, दोघांनीही. लिहून थांबू नका, शेवटपर्यंत जा: वेब पान, पीडीएफ, आणि सर्व्हरवरचा आपोआप होणारा बिल्ड. तुमच्या लॅपटॉपवर फाँट आहे आणि सर्व्हरवर नाही, हे इथेच कळतं.

मग मुद्दाम तोडा. एक लिंक चुकवा, एका फाइलचं नाव बदला, ओढून आणलेला तुकडा काढून टाका. बिल्ड थांबला पाहिजे. स्फिंक्समध्ये वॉर्निंगलाच एरर मानायचा ऑप्शन आहे, एमकेडॉक्समध्ये स्ट्रिक्ट मोड आहे, आस्कीडॉक्टरमध्ये कुठल्या पातळीच्या चुकीला फेल करायचं ते सांगता येतं. डिफॉल्टने हे बंद असतं, म्हणून तुटलेले डॉक्स गुपचूप पब्लिश होतात.

तपासा: दुसऱ्या पानातली चौथी पायरी चारच आहे ना? मार्कडाउनमध्ये कोड ब्लॉक पुरेसा आत सरकवला नाही की लिस्ट तुटते, आस्कीडॉकमध्ये मधली अधिक चिन्हाची ओळ विसरली की चौकट लिस्टच्या बाहेर पडते. नवीन माणूस ही चूक किती वेळा करतो ते मोजा, हीच चूक पुढे रोज होणार आहे.

आपल्या बाजार समितीच्या उदाहरणात मी मॅन्युअल आणि इन्स्टॉल गाइड आस्कीडॉकमध्ये घेईन, अटी आणि टेबलं यासाठी, पीडीएफ ब्राउझरच्या वाटेने काढेन, आणि एपीआयचे डॉक्स डेव्हलपरच्या मार्कडाउनमध्येच ठेवेन. सगळं एकाच भाषेत असावं हा हट्ट कशाला, वाचणारे वेगळे आहेत. मात्र मॅन्युअल पुढे कन्नड, गुजरातीत न्यायचं पक्कं असेल तर माझं उत्तर बदलेल, मग मिस्ट आणि स्फिंक्स.

## पायरी ७: निर्णय एका पानावर लिहा

"मार्कडाउन" एवढंच लिहू नका. कुठला अवतार, कुठल्या टूलचं कुठलं व्हर्जन, कुठली एक्स्टेन्शन चालतील, कुठली चालणार नाहीत, आयडी कसे द्यायचे, इशाऱ्याचे किती प्रकार (दोन पुरतात, पाच ठेवले की लोक सगळीकडे चौकटी टाकतात). टूलचं व्हर्जन पिन करा, म्हणजे आपोआप बदलणार नाही असं पक्कं करा. ह्युगोने २०१९ मध्ये डिफॉल्ट मार्कडाउन इंजिन बदलून गोल्डमार्क आणलं तेव्हा अपडेट केलेल्यांची पानं वेगळी दिसायला लागली होती, असं पुन्हा होऊ शकतं.

नियम माणसांच्या लक्षात राहत नाहीत, म्हणून लिंटर, म्हणजे नियम मोडले की आपोआप दाखवणारं टूल, लावा. व्हेल नावाचं लिंटर मार्कडाउन, आरएसटी, आस्कीडॉक, डिटा या चारही भाषा वाचतं, मार्कडाउनसाठी मार्कडाउनलिंट आहे. पण पहिल्याच दिवशी शंभर नियम चालू केलेत तर लोक लिंटरच बंद करतील. पाच नियमांनी सुरुवात करा.

## पायरी ८: जुनी पानं आणा, सगळी नाही

वर्डच्या फाइली पँडॉक नावाच्या कन्व्हर्टरमधून काढा, चित्रं वेगळ्या फोल्डरमध्ये काढायचा ऑप्शन द्यायला विसरू नका. हेडिंग वर्डच्या स्टाइलने केलेली असतील तरच हेडिंग म्हणून येतात, नुसतं मोठं आणि ठळक केलेलं असेल तर साधा परिच्छेद येतो, म्हणून आधी वर्डमध्येच स्टाइल लावून घ्या. आणि जुन्या फाइली युनिकोडआधीच्या मराठी फाँटात असतील तर कन्व्हर्ट केल्यावर इंग्रजी अक्षरांचा कचरा निघेल, त्या आधी युनिकोड करा.

आरएसटीवरून मार्कडाउनवर जाताना साधा मजकूर छान येतो, स्फिंक्सचे खास डायरेक्टिव्ह (चौकट, टेबल वगैरेसाठीच्या सूचना) आणि रेफरन्स येत नाहीत, ते हाताने. पाच पानं करून अंदाज घ्या आणि मगच तारीख सांगा.

क्रम असा ठेवा: जी पानं सपोर्टवाले रोज पाठवतात ती पहिली, दोन वर्षांत कुणी न उघडलेली आणूच नका. एकच पान दोन्हीकडे एडिट होत राहिलं तर आठवडाभरात कुठलं खरं ते कळेनासं होतं, म्हणून पान हललं की जुनी प्रत त्याच दिवशी लॉक करा. जुन्या पत्त्यांवरून नव्यावर रीडायरेक्ट लावा आणि जुन्या साइटच्या पत्त्यांची यादी काढून एकेक तपासून घ्या, कारण छापील मॅन्युअलमध्ये आणि काट्यावर चिकटवलेल्या क्यूआर कोडमध्ये तेच जुने पत्ते आहेत. थीमचा रंग वगैरे यानंतर बघा.